मैत्रीने केलेलं पंक्चर

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी रंगाची स्कूटर आहे. वारज्यातल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली उभी असते. मला नवी कोरी आणली तेव्हा शुभंकर आणि रुपालीचं नुकतंच लग्न झालं होतं. दोघंही अकोल्याकडून नोकरीसाठी आलेले. पुण्यात नात्याचं कोणी नाही. शुभंकर दर रविवारी मला फडक्याने लख्ख पुसायचा. शेजारच्या नंदाकाकू म्हणायच्या, गाडी ठेवावी तर अशी. पुढे त्यांना मुलगी झाली, तिचं नाव मैत्री. ती पुढ्यात उभी राहून सारखा हॉर्न वाजवायची आणि शुभंकर तिला वाजवू द्यायचा.

मग करोनाची दुसरी लाट आली. रुग्णवाहिका मिळेना, तेव्हा रुपालीने तापाने फणफणलेल्या शुभंकरला माझ्यावर बसवलं, ओढणीने आपल्या पाठीशी बांधलं आणि दवाखाना गाठला. तो परत आलाच नाही.

लोक म्हणत, रुपाली खंबीर आहे. तो खंबीरपणा मी रोज पाहत होते. ऑफिसला निघताना ती किल्ली हातात धरून माझ्यावर नुसतीच बसून राही. मागे बसलेली मैत्री विचारायची, "आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" रुपाली म्हणायची.

हळूहळू मैत्रीने विचारणं सोडलं. साथ ओसरली, शाळा सुरू झाल्या, पण तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांना पोटात काहीच सापडलं नाही. शाळेच्या फाटकाशी ती आईचा हात सोडेना. नखं कुरतडून तिने बोटं रक्ताळून टाकली.

एका सकाळी ती एकटीच खाली आली. कंपासपेटीतलं कर्कटक तिने दोन्ही हातांनी रेटून माझ्या मागच्या टायरमध्ये खुपसलं. हवा सुटली. मागोमाग आलेल्या रुपालीने ते पाहिलं आणि तिच्या थोबाडीत दिली.

"तू गेलीस आणि बाबांसारखी परत आलीच नाहीस तर?" मैत्री एवढंच म्हणाली.

रुपाली तिथेच फरशीवर मटकन बसली आणि तिने हंबरडा फोडला. शुभंकर गेल्यापासून मुलीसमोर ती पहिल्यांदाच रडत होती. आवाज ऐकून नंदाकाकू धावत आल्या. मुलीला त्या रागावल्या नाहीत. रुपालीला विचारलं, "तू पोटभर शेवटचं जेवलीस कधी?"

रुपालीला आठवेना.

काकू दोघींना समुपदेशक बाईंकडे घेऊन गेल्या. परतल्यावर पार्किंगमध्ये रुपाली धुसफुसत होती. मी मुलीला दाखवायला गेले आणि बाई माझ्याच झोपेचं विचारत बसल्या, असं तिचं म्हणणं.

"पोरगी दिवसभर तुझ्याच तोंडाकडे बघते," काकू म्हणाल्या. "मग त्यांनी विचारायचं कुणाला?"

पुढे सगळं सुरळीत झालं, असं मला सांगता आलं असतं तर! अजूनही काही सकाळी रुपालीच्याने किल्ली फिरववत नाही. कालही तसंच झालं. मैत्री गणवेशात मागे बसलेली, शाळेची वेळ टळत चाललेली. बऱ्याच वेळाने रुपाली म्हणाली, "मैत्री, आज मला जमत नाहीये. काकूंना बोलाव."

काकू आल्या. त्यांनी मैत्रीसाठी रिक्षा थांबवली आणि स्वतः रुपालीजवळ थांबल्या. मैत्रीने एकदा दोघींकडे पाहिलं आणि आईचा हात आपणहून सोडला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं गप्प झालेलं एखादं मूल असेल. त्याची विचारपूस कराच. पण त्याच्या घरी दार उघडून जी बाई "मी ठीक आहे" म्हणते, तिचं लगेच खरं मानू नका. जरा वेळ तिच्याजवळ बसा.