जावईबापूंच्या तोंडाचं माप

आधीच सांगून ठेवलेलं बरं, या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही. ज्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं त्यांचाही अजून बसलेला नाही.

वहिनींचा धंदा शिवणकामाचा. रस्त्यावरून माणूस नुसता गेला तरी त्याच्या कमरेचा घेर त्यांना कळायचा. त्यामुळे त्यांच्या दुकानासमोरून अख्खं गाव पोट आत ओढून चालायचं. शिवणातून उरलेला वेळ आणि माया त्यांनी एका तांबड्या घोड्यावर उधळली होती. कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त होतं, पण घरात सगळे त्याला जावईबापूच म्हणत. जेवायला आधी तो, रुसायलाही आधी तोच. आणि काय बोचतंय ते त्याने सांगायचं नाही, आपण ओळखायचं.

हे जावईबापू ड्रेसाजमध्ये उतरत. ड्रेसाज म्हणजे धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. आखलेल्या मैदानात घोड्याने असं शांत, डौलात चालायचं की वरचं माणूस त्याला काही सांगतंय हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. मागच्या स्पर्धेत मात्र जावईबापूंनी तोंड असं वासलं की समोरच्या पंचबाईंना त्यांची सकाळची वैरण मोजता आली असती. जीभ एवढी लांब लोंबली की कुठे वळायचं ते दाखवणाऱ्या पाटीवरचं अक्षर चाटून साफ झालं. हसू नका, मागून आलेले दोन घोडे त्यापायी रस्ता चुकले.

त्या दिवशी वहिनी चारचौघांत म्हणून गेल्या, "पुढच्या खेपेला याचं तोंड मिटलं नाही, तर मी याला पुन्हा मैदानात आणणार नाही. त्याचा जीव दुखवून मिळालेली बक्षिसाची फीत काय करायचीय?" वहिनींचा शब्द म्हणजे दुहेरी टाक्याची शिवण, उसवायची सोय नाही. तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना. जावईबापूंना घेऊन मैदानात उतरण्याइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशातच नव्हतं.

दोष बिटचा, हे तर उघड होतं. बिट म्हणजे लगामाला जोडलेली, घोड्याच्या तोंडात जिभेवर बसणारी दांडी. वहिनींनी ओठांच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेप लावली, दोन्हीकडे किंचित सैल सोडलं आणि घोड्यांच्या सामानाच्या दुकानातलं सगळ्यात जाड, सगळ्यात गुळगुळीत बिट उचललं. बारीक दोरा बोट कापतो, जाड नाडा कापत नाही. हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? जावईबापूंनी ते तोंडात घेतलं आणि तोंड उघडं ते उघडंच. एक चिमणी आत जाऊन घरट्याला जागा बरी आहे का, ते बघून आली.

शेवटी नाइलाज झाला आणि नणंदेला बोलावणं गेलं. वन्सं घोड्यांचे दात बघायच्या.

"मला बोलावलंत म्हणजे फारच बिघडलेलं दिसतंय," दारातूनच त्या म्हणाल्या.

"तुम्ही दात बघा वन्सं, बाकीचं मी बघते."

वन्संनी कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपलं, बाहेर काढला.

"दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. वहिनी, तुम्ही बाहेरून माप घेतलंत, सुरेख घेतलंत. आतलं कुणी घ्यायचं?"

"आतलं म्हणजे?"

"जीभ बघा, उशीसारखी. टाळू खाली आलेला. आत मुळात जागाच नाही, त्यात तुम्ही हे लाटणं कोंबलंत. तुमच्या तोंडात कुणी लाटणं घातलं तर?"

"तर घराला शांतता मिळेल, असंच ना?"

"मी म्हटलं का तसं?"

मग वन्संनी आपली पेटी उघडून कुंपणावर ओळीने बिटं टांगली. जावईबापूंना मोकळं सोडलं, आणि ते खट गिऱ्हाइकासारखे निघाले. एक हुंगून थुंकलं. दुसऱ्याचं वजन ओठावर जोखलं. तिसऱ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून कपाळावरचे केस नीट केले. एकाला कातडं गुंडाळलेलं होतं. ते तोंडात घेताच डोळे मिटले आणि चक्क घोरू लागले.

"हेच!" वहिनींनी टाळी वाजवली.

"हे नाही चालायचं. स्पर्धेच्या नियमात कातडं बसत नाही. तपासनीस बोट घालून बघतो. सापडलं की बाद."

"अहो, पण त्याला आवडलंय!"

"तुमच्या नंदाव्यांना पायजम्यावर लग्नाला जायला आवडतं. नेते का मी?"

वहिनींचा चेहरा पडला. कातडं काढून घ्यावं तर जावईबापू रुसणार, ठेवावं तर बाद होणार. तेवढ्यात वन्संनी पेटीच्या तळातून आणखी एक बिट काढलं. दोन ठिकाणी वाकणारं, मधे वालाच्या दाण्यासारखा गुळगुळीत तुकडा, जिभेला जागा राहावी म्हणून जरासा बाक. त्याला मापपट्टी लावून त्या म्हणाल्या, "नियमात बसतंय. किमान जाडीहून केसभर जास्तच."

"इतकं बारीक? कापेल त्याला."

"मला नका विचारू. त्याला विचारा."

जावईबापूंनी ते घेतलं. विचार केला. जीभ इकडून तिकडे सरकवली, आवंढा गिळला, आणि ओठ अलगद मिटले. मग त्यांनी असा सुस्कारा सोडला की रस्त्यापलीकडच्या दोरीवरचे ओले कपडे वाळले. वहिनींनी त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि हसता हसता हुंदका दिला.

स्पर्धेच्या दिवशी जावईबापू असे चालले की पंचबाईंनी दोनदा चष्मा पुसून घोडा अजून मैदानातच आहे ना, याची खात्री केली. तोंड मिटलेलं, लगाम सुतासारखा हलका. चाल संपल्यावर तपासनीस रबरी हातमोजा चढवून आला, तर जावईबापूंनी स्वतःच 'आ' केला, जीभ एका गालात सरकवली आणि दाखवलं, बघा, काही लपवलेलं नाही. तपासनीस "आभारी आहे" म्हणाला. जावईबापूंनी मान झुकवली.

फीत मिळाली. वहिनी खाली उतरल्या, सगळ्या मैदानासमोर नणंदेचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसत म्हणाल्या, "वन्सं, तुमचं बरोबर होतं. माझंच चुकलं."

माझी गोष्ट इथवर आली आणि इतका वेळ मागे मुकाट ऐकत बसलेल्या वन्सं ताडकन उभ्या राहिल्या.

"खोटं! साफ खोटं! घोड्याने पाटी चाटून पुसली, मी गप्प बसले. सुस्काऱ्याने कपडे वाळले, तेही ऐकून घेतलं. पण वहिनी मला 'तुमचं बरोबर होतं' म्हणाल्या? काका, थापेला काही सुमार!"