न फुटणारं अंडं

मी एक जुनं लाकडी अंडं आहे. हसू नका, मित्रांनो. खुराड्यात माझ्यासारखं एखादं ठेवलं, की कोंबड्या इकडेतिकडे न भटकता तिथेच अंडी घालतात. घरातल्या आजोबांनी मोडक्या पलंगाच्या पायापासून मला कोरलं आणि काचकागदाने घासून गुळगुळीत केलं. कोंबड्यांनी चोची मारमारून पाहिलं, पण माझ्यावर साधा ओरखडा उठला नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

एका हिवाळ्यात आजोबांचा मुलगा वारला. मागे त्याची बायको आणि छोटी मुलगी राहिली. मुलगी एवढीशी, म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. वसंत आला, ईस्टर आला, पण टिकलीच्या आईचं कशातच लक्ष नव्हतं. सणासाठी लाल रंगवायची अंडी गोळा करताना तिने मलाही टोपलीत टाकलं आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात सगळ्यांबरोबर उकळलं. मी लालबुंद होऊन बाहेर आलो. खरं सांगतो, आरशात बघावंसं वाटलं.

ईस्टरच्या सकाळी प्रार्थनेहून आल्यावर आजोबांनी टेबलावर मेणबत्ती लावली.

"हे अंड्याचं कवच म्हणजे येशूची कबर बरं का," ते टिकलीला म्हणाले. "तोंडाशी भली मोठी धोंड होती. तिसऱ्या दिवशी बायका जाऊन बघतात, तर धोंड बाजूला आणि कबर रिकामी! तो जिवंत झाला होता. म्हणून आपण अंड्यावर अंडं आपटून फोडतो. आणि हा लाल रंग त्याच्या रक्ताचा."

टिकलीच्या हाती नेमका मी आलो. माझ्यावर आपटून आईचं अंडं फुटलं, आजोबांचंही फुटलं.

"जिंकलीस की गं!" आजोबा म्हणाले. मी फुशारलो.

टिकलीने मात्र मला टेबलावर आपटलं, मग पायरीवर, मग दगडाने ठेचून पाहिलं. शेवटी तिला रडू फुटलं.

"सगळ्यांचं उघडलं, माझंच उघडत नाही. म्हणजे बाबा येणारच नाहीत ना?"

आईने मला हातात घेऊन निरखलं. "अगं बाई, हे तर खुराड्यातलं! माझंच चुकलं, बाळा." पण टिकलीचे हुंदके थांबेनात. स्वतःच्या टणकपणाची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

आजोबांनी मला परत खुराड्यात, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवलं. काही आठवड्यांनी शेजारच्या अंड्यातून टकटक ऐकू आली. मी जन्मभर बाहेरचे टोले खाल्ले होते. हा टोला आतून येत होता.

आजोबांनी दोघींना हाक मारली. टिकली दगड घेऊनच धावली.

"थांब," आई म्हणाली. "पिल्लू आपलं आपण बाहेर येतं. आपण फक्त ऊब जाऊ द्यायची नाही."

कवच तडकलं. ओलं, थरथरतं पिल्लू बाहेर आलं.

"बाबापण असेच येतील?"

"तोच आपला भरवसा आहे," आजोबा म्हणाले. "कधी, ते मला ठाऊक नाही."

आई कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली. टिकलीने मला उचललं आणि कोंबडीच्या पंखाखाली आणखी आत सरकवलं.

"याला जरा वेळ लागतोय," ती म्हणाली.

मित्रांनो, आता खुराडं नाही, आजोबाही नाहीत. माझा लाल रंग पार उडालाय. तुमच्याजवळ कोणी दुःखाने गप्प, टणक होऊन बसलं असेल, तर त्याला ठोकून बघू नका. नुसतं जवळ बसा. टिकली आता मोठी बाई झाली आहे, तरी दर ईस्टरला मेणबत्ती लावून झाली की ती मला थोडा वेळ मुठीत धरून बसते.