झाकणातली फट

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, चिरूट ठेवायची. माझ्या झाकणावर हात फिरवलात तर एक लांब फट लागेल. ती वाळवीने नाही पाडली, कोयत्याने पाडली. घाबरू नका, रक्त केव्हाच पुसलंय. थोडं मुरलं होतं, ते आता लाकडाच्याच रंगाचं दिसतं.

दूर देशी, पिनार देल रिओ नावाच्या मुलखाच्या लाल मातीत मोंतानो आणि पेद्रासा ही तंबाखू पिकवणारी दोन घरं शेजारी नांदत होती. नांदत कसली, एकमेकांच्या उरावर बसत होती! एकदा कोंबड्यांच्या झुंजीला सगळे जमले असताना ओढ्याच्या पाण्याचा विषय निघाला आणि माणसांचीच जुंपली. मोंतानोंचा म्हातारा जागच्या जागी आडवा झाला. पेद्रासांच्या थोरल्या मुलाची मान अर्धी तुटली. दोघांच्या शवपेट्या एकाच सुताराने केल्या आणि उरलेल्या सीडरच्या फळ्यांतून मला केलं. असा माझा जन्म.

मग दोन्ही घरांनी मिळून चिरूट वळले. पोटात मोंतानोंचं पान, अंगावर पेद्रासांचं. शपथ अशी ठरली, की दरवर्षी जूनमधल्या सान हुआनच्या सणाला दोन्ही घरांच्या कर्त्या पुरुषांनी माझ्यातला एकच चिरूट मिळून ओढायचा. माझ्यातले चिरूट धूर देताहेत तोवर कोयता फक्त गवतावर चालेल. (चिरूट वाईटच, बरं का. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, खोकून मराल.) शपथ पक्की व्हावी म्हणून मोंतानोंची नीवेस पेद्रासांच्या धाकट्याला, हासिंतोला दिली. तिच्याबरोबर मीही सासरी आले.

बिचारी नीवेस! मी बिघडले तर तिचा भाऊ रोसेंदो तरी जाणार, नाहीतर नवरा. म्हणून ती मला जिवापाड जपायची. माझ्या कोपऱ्यात मातीचं एक बोळकं होतं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की ती त्यात रोज थोडं पाणी घाली. पावसाळी हवा आली की बोळकं कोरडंच ठेवी, कारण तेव्हा हवाच ओली. रोज एक चिरूट हलकेच दाबून बघायची. कुरकुरला तर कोरडा, लिबलिबला तर ओला, बोट काढताच पुन्हा गोल झाला तर जमलं. माझं सगळं सुख त्या एका बोटात होतं.

पण एका पावसाळ्यात नीवेसने तापाने अंथरूण धरलं आणि मी तिच्या सासूच्या, कासिल्दाबाईंच्या हाती गेले. बाईंनी थोरला मुलगा गमावलेला. येता-जाता माझं बोळकं काठोकाठ भरायच्या आणि पुटपुटायच्या, "पी बाई, पी! एक लेक दिलाय मी मातीला, दुसरा द्यायचा नाही." वर मला चुलीजवळ ठेवलं, ऊब मिळावी म्हणून. मी आतून फुगले, घुसमटले. पेटीचं कोण ऐकतंय?

सान हुआनचा दिवस उजाडला. अंगणात डुक्कर भाजत होतं. रोसेंदो आला तो हसतच. "काय दाजी, चोरून ओढले नाहीत ना?"

"तुझ्यासाठीच राखलेत मेहुण्या, ये!" म्हणत हासिंतोने माझं झाकण उघडलं.

आत पांढरी बुरशी. चिरुटांना भोकंच भोकं. एका भोकातून भुंगेरा बाहेर आला आणि हासिंतोच्या हातावर चालू लागला.

"सडवलेत! मुद्दाम सडवलेत!" रोसेंदो ओरडला.

"तोंड सांभाळ!"

"बापाचं रक्त विकलं मी तुमच्या शब्दावर!"

झालं, कोयते निघाले. हासिंतोचा अर्धा कान लोंबला. रोसेंदोच्या डाव्या हाताची दोन बोटं धुळीत पडली आणि एक कोंबडा ती टोचायला धावला. "मीच घातलं रे पाणी! मीच!" कासिल्दाबाई ऊर बडवत होत्या, पण ऐकतो कोण? हासिंतो पाय घसरून पडला. रोसेंदोने कोयता उगारला.

तेवढ्यात तापाने फणफणलेली नीवेस धडपडत आली. तिने मला उचललं आणि नवऱ्याच्या अंगावर झुकून मला पुढे आडवं धरलं. पातं माझं झाकण फोडून आत घुसलं. काय कळ आली म्हणून सांगू! टोक तिच्या गळ्यापाशी येऊन थांबलं.

आपण कुणाला मारत होतो ते रोसेंदोला तेव्हा दिसलं. त्याने माझ्यात रुतलेला कोयता सोडून दिला.

नीवेसने माझ्यातला एक किडका चिरूट काढला, शेगडीतल्या निखाऱ्यावर पेटवला आणि बासरीसारखी भोकांवर बोटं दाबून ओढला. खोकून खोकून डोळे पांढरे झाले तिचे, पण धूर निघाला.

"निघाला ना धूर? मग शपथ आहे," ती म्हणाली. "ओढा आता, मुडद्यांनो!"

दोघांनी ओढला. दोघंही रडत होते, म्हणे धुराने.

"आता हिच्यात ओल टिकायची नाही गं," कासिल्दाबाई माझी फट चाचपत म्हणाल्या.

"नको टिकू दे, आई," नीवेस म्हणाली. "दरवर्षी नवे वळतील. दोघं मिळून."

तेव्हापासून तसंच चाललं. अर्ध्या कानाचा हासिंतो पान कापायचा, तीन बोटांचा रोसेंदो ते दाबून धरायचा, आणि दोघं एका बाकावर बसून एकमेकांना शिव्या घालायचे. आता त्यांची नातवंडं बसतात.

मित्रांनो, मला जरूर जपा. पाणी घाला, पण हवा बघून. चिरूट दाबून बघा, पण हलक्या हाताने. फक्त मेण घेऊन माझी फट बुजवायला येऊ नका. फट बुजली की चिरूट वर्षानुवर्षं टिकतील, आणि मग ही दोन घरं कशाला बसतील एका बाकावर?