बंद इंजिनाचा उतार

निलगिरीच्या झाडांपाशी रस्ता वळतो आणि खाली बुन्योनीचं तळं लागतं. सकाळच्या वेळी तळं दिसतच नाही. त्याच्या जागी धुकं भरलेलं असतं आणि त्यातून बेटांची डोकी तेवढी वर आलेली असतात, पाण्यात डुंबणाऱ्या गुरांसारखी. एरिफाझी इथवर आला की मोटरसायकलचा गिअर मोकळा करायचा आणि किल्ली फिरवायचा. इंजिन विझायचं. मग डोंगरच गाडीला हाताशी धरून खाली न्यायचा.

ही त्या भागातल्या सगळ्यांचीच रीत. चढ चढताना पेट्रोल जळतं ते जळतंच, उतारावर कशाला जाळायचं? भाड्यानं माणसं नेणारे, कोबी नेणारे, शाळामास्तर, सगळे गाडी मोकळी सोडतात. पण एरिफाझीला पेट्रोलाचं फारसं काही नव्हतं. त्याला ती शांतता हवी असायची. इंजिन गप्प झालं की आधी वारा ऐकू यायचा, मग वाऱ्याखालचं बारीकसारीक सगळं. चाकाखाली दबणारी लाल माती, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतातून कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक, दूर पाण्यावर वल्ह्याचा चुबुक आवाज. गाडी आहे हेच तो विसरायचा. आपण बसल्या जागी तरंगत चाललोय आणि खालचं धुकं आपल्याला पोटात घ्यायला वर येतंय, असं त्याला वाटायचं. पाठीमागे जेनेरोसा असायची, त्याची बायको. मांडीवर वाटाण्याची टोपली धरून, कपाळ त्याच्या पाठीला टेकवून, डोळे मिटून ती हलक्या आवाजात चर्चमधलं काहीतरी गुणगुणायची. वर्षानुवर्षं बाजाराच्या दिवशी ही दोघं अशीच उतरत आली. एका गाडीवर बसून दोघांना एकच स्वप्न पडतं, असं एरिफाझी मनाशी म्हणायचा. तोंडानं तो असलं काही बोलणारा नव्हता.

मागच्या पावसात झऱ्याच्या वळणावर गाडी घसरली. एरिफाझीनं पायाचा ब्रेक दाबला, तर पाय नुसताच खाली गेला, जसा लोण्यात जावा. मागचं चाक आडवं आलं आणि दोघं गाडीसकट शेजाऱ्याच्या ज्वारीत जाऊन पडली. कुणाला फारसं लागलं नाही. जेनेरोसा उठली, कपडे झटकले, सांडलेले वाटाणे वेचता येतील तेवढे वेचले आणि टोपली डोक्यावर घेऊन चालत खाली गेली.  त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही.

पण तिचे गुडघे कधीच गेलेले होते. उतरताना ती काठीवर भार टाकून तिरकी तिरकी उतरायची, चढताना दर वळणावर बसायची. दुसरा पाऊस तोंडावर आला तेव्हा एका संध्याकाळी चुलीपाशी शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "जस्टसच्या बापा, मी आता खाली ओलिव्हाकडे राहते."

ओलिव्हा म्हणजे त्यांची लेक, जस्टसची धाकटी बहीण. काठावर बाजाराच्या अगदी शेजारी तिचं घर.

"किती दिवस?" एरिफाझीनं विचारलं.

"दिवस कसले? गुडघे काय परत नवे फुटणारेत? पुढच्या बाजाराला उतरते, ती उतरतेच."

"आणि मी?"

"तुला गाडी आहे की."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. एरिफाझीला डोंगर सोडवणार नव्हता. वर गुरं होती, बापाची कबर होती आणि पंधरा पायऱ्यांचं बटाट्याचं रान होतं. तिला अडवण्यासारखंही त्याच्याकडे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं मेंढा विकला आणि गाडी घेऊन कबाले शहराची वाट धरली.

कटुरामु मिस्त्रीचं दुकान म्हणजे आवोकाडोचं एक झाड, त्याखाली तेलानं काळी झालेली जमीन, आणि फांद्यांना लटकलेले टायर. वारा आला की ते टायर हलके हलके फिरायचे. कटुरामु एरिफाझीच्याच वयाचा, पण तोंडानं पोरगा; एरिफाझीला तो मझेई, म्हणजे आजोबा, म्हणायचा.

"या, मझेई! ही म्हातारी अजून जिवंत आहे?" त्यानं गाडीच्या टाकीवर थाप मारली. "मी समजत होतो, तुम्ही हिला पुरलीत."

"दोन्ही टायर बदल. ब्रेक बघ. आणि तोंड कमी चालव."

"तोंड फुकट आहे. टायरचं तेवढं सांगा. कुठला घालू?"

एरिफाझीनं फांदीवरच्या एका टायरकडे बोट दाखवलं. काळाभोर, चकचकीत. "तो. आमच्या गावातल्या बोस्कोच्या गाडीला तसलाच आहे. दोन पावसाळे झाले, झिजलाच नाही."

कटुरामुनं तो खाली काढला, त्याच्या पुढ्यात धरला. "नख रुतवा."

एरिफाझीनं अंगठ्याचं नख दाबलं. नखच वाकलं.

"दगड आहे. झिजणार कसा? रबर मातीला धरतं तेव्हा झिजतं. हा धरतच नाही, म्हणून बोस्को खूश. तुमच्याकडची सगळी माणसं अशीच. टायर किती वर्षं टिकला ते मोजतात, त्यावर बसलेला किती टिकला ते नाही."

"बोस्को ठणठणीत आहे."

"बोस्को एकटा फिरतो. त्याच्या मागे कोण बसतंय?"

एरिफाझीनं तो टायर बाजूला सारला. कटुरामुनं आतून दुसरी जोडी आणली. मागच्यासाठी जाड जाड ठोकळ्यांचा, पुढच्यासाठी बारीक रेघांचा. बाजूवर बनवल्याची तारीख होती, ती त्यानं थुंकी लावून पुसून दाखवली. नख लावलं तर रबरावर चंद्रकोर उमटली आणि हळूहळू मिटली. एरिफाझीनं पुन्हा एकदा नख लावलं. ती चंद्रकोर मिटताना बघायला त्याला का कोण जाणे बरं वाटलं.

मग मागचं चाक निघालं. आतले ब्रेक-शू बाहेर आले तसे कटुरामुनं ते नाकाशी नेले आणि तोंड वाकडं केलं. पट्ट्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, कडा करपल्या होत्या.

"मोकळी सोडता ना उतारावर?"

"सगळेच सोडतात."

"मझेई, गिअरात असली की अर्धा डोंगर इंजिन उचलतं. तुम्ही ते बंद करता आणि अख्खा डोंगर या दोन चिमट्यांवर टाकता. आणि पुढचा ब्रेक?" त्यानं हातातला दांडा दाबला, तो सैल लोंबला. "वायरच काढून टाकलीय!"

"पुढचा ब्रेक माणसाला फेकतो."

"मूठ आवळून दाबलात तर फेकणारच. बायकोचा हात धरतात तसा धरायचा. की तोही विसरलात?"

"कामाचं बघ," एरिफाझी म्हणाला, पण कानशिलं तापली.

दुपार त्या झाडाखाली सरली. कटुरामुनं ड्रमच्या आत खडू फासला, नवे ब्रेक-शू बसवून चाक हातानं फिरवलं, पुन्हा खोललं. खडू जिथं लागला तिथं पट्टी थोडी घासली, पुन्हा बसवलं. एरिफाझी खोडाला टेकून बुशेराचे, ज्वारीच्या आंबट पेयाचे, घोट घेत बघत राहिला. खडूचा पांढरा धूर उन्हात तरंगत होता, फांदीवरचे टायर फिरत होते. त्याची नजर जड झाली. अर्धवट झोपेत त्याला दिसलं की चाक फिरतंय आणि चाकाच्या आत त्यांचाच डोंगर फिरतोय, निलगिरी, झरा, ज्वारी, पुन्हा निलगिरी, आणि त्या वाटेवरून जेनेरोसा एकटी चालतेय. तो हाक मारतोय, पण ती जिकडे जाते तिकडून वाट वर सरकते आहे.

"झालं!" कटुरामुनं त्याला हलवलं. "दोन दिवस दमानं चालवा. नव्या टायरवर मेण असतं, ते मातीत घासून जाऊ द्या. आणि ब्रेक एकदम नाही, हळूहळू. त्यांची एकमेकांशी ओळख व्हायची असते."

दोन दिवस एरिफाझी तळ्याकाठच्या वाटेवर एकटाच खाली-वर करत राहिला. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तो अंगणात गाडी पुसत बसला. जेनेरोसा कपड्यांचं बोचकं बांधत होती.

"बघ तरी," तो म्हणाला. "नवे आहेत. नख लावून बघ."

"माझी नखं शेंगांना पुरतात."

"ब्रेकही नवे. पुढचासुद्धा जोडला."

"चांगलं केलंस."

"मग बसशील उद्या?"

तिनं गाठ मारली, ओढून बघितली. मग तिनं विचारलं, "झाडांपाशी इंजिन बंद करणार?"

एरिफाझीला प्रश्न कळलाच नाही. "म्हणजे? तुलाही आवडतं ना ते. डोळे मिटून, कपाळ टेकून बसायचीस. गाणं म्हणायचीस."

जेनेरोसानं बोचकं बाजूला ठेवलं. मग तिला हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही.

"अरे माणसा, डोळे मिटायचे ते भीतीनं. गाडी गप्प झाली की मला वाटायचं, आता हिला धरणारं कुणी नाही. गायचे ते तो वारा कानात शिरू नये म्हणून. खाली पोचेपर्यंत ते भजन किती वेळा संपायचं आणि मी पुन्हा सुरू करायचे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"खाली उतरलास की तुझं तोंड कसं व्हायचं, ते तुला दिसायचं नाही, मला दिसायचं. सणाला कोकरू मिळालेल्या पोरासारखं. म्हटलं, जाऊ दे. एवढंच तर याला मिळतं." ती पुन्हा गाठीकडे वळली. "पण त्या दिवशी ज्वारीत पडले आणि वाटलं, पुरे झालं."

एरिफाझी फडकं हातात धरून बसून राहिला. त्याला सगळे उतार आठवायला लागले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागून ते गुणगुणणं नव्यानं ऐकू यायला लागलं. आपण जिथं तरंगत होतो तिथं ती बुडत होती. अंधार पडला तरी तो उठला नाही. ती जेवायला हाक मारून दमली.

सकाळी धुकं दाराशी आलं होतं. एरिफाझीनं गाडी बाहेर काढली, सुरू केली आणि नुसताच बसून राहिला. विचारायचा धीर त्याला झाला नाही. जेनेरोसा बोचकं घेऊन बाहेर आली. काठी घ्यायला वाकली, पण मध्येच थांबली. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग बोचकं मांडीवर घेऊन ती मागे बसली.

"हळू," एवढंच म्हणाली.

निलगिरीपाशी वळण आलं, खाली धुक्यातून बेटांची डोकी वर आली आणि एरिफाझीचा हात आपोआप किल्लीकडे गेला. बोटं किल्लीला लागली. पाठीमागे तिचा श्वास थांबला, ते त्याला कापडातून कळलं.

त्यानं हात उचलला, मुठीवर ठेवला. दुसरा गिअर टाकला. गाडी गुरगुरली आणि डोंगराला पाठ लावून बसल्यासारखी सावकाश उतरू लागली.

वारा ऐकू येत नव्हता. वल्ह्याचा आवाज नव्हता, शेतातली हाक नव्हती. फक्त इंजिनाचा एकसुरी घरघर आवाज.  हे आता असंच, त्यानं स्वतःला सांगितलं, शांतता गेली ती गेली. झऱ्याचं वळण ओलं होतं. त्यानं पुढचा ब्रेक नुसता बोटांनी धरला, मागचा पायानं हलकेच दाबला. टायरचे ठोकळे मातीत रुतले, गाडीनं मान डोलावल्यासारखं केलं आणि ती वळली. जमीन त्याच्या हातात होती. असं आधी कधी वाटलंच नव्हतं.

तेवढ्यात तिचं कपाळ पाठीवर टेकलं.

घाबरली, तो मनात म्हणाला, आणि त्यानं वेग आणखी कमी केला. गाण्याची वाट बघितली. गाणं आलं नाही. पाठीवरचा भार मात्र वाढत गेला, ओल्या गोणीसारखा एका बाजूला कलत गेला. कमरेला धरलेला हात सैल पडला. मग इंजिनाच्या घरघरीखालून दुसरी एक घरघर त्याला ऐकू आली, बारीक, शिट्टी मिसळलेली. चाळीस वर्षं शेजारी ऐकलेली.

जेनेरोसा घोरत होती.

एरिफाझीनं एक हात मागे नेऊन तिचं मनगट आपल्या पोटाशी धरलं आणि एका हातानं, बैल चालवावा तशी, गाडी खाली नेली. धुकं वर आलं आणि त्यांना पोटात घेऊन मिटलं. पांढऱ्यात पुढचं काही दिसत नव्हतं. तो होता, पाठीवरचं ते ऊब धरलेलं ओझं होतं आणि खाली माती धरून चाललेली चाकं होती.

ओलिव्हाच्या दाराशी तो थांबला, पण गाडी बंद केली नाही. आवाज थांबला तर ती जागी होईल. ओलिव्हा हात पुसत बाहेर आली.

"ताता, बंद कर ना! किती धूर—"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ओलिव्हानं पाठीमागे बघितलं, तोंडावर हात ठेवला. तिघंही तशीच राहिली. बाजाराला आलेल्या बायका टोपल्या घेऊन वळून वळून बघत जात होत्या. एक गाढव येऊन पुढच्या टायरचा वास घेऊन गेलं.

शेवटी जेनेरोसाच उठली. तिनं तोंड पुसलं, धुक्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. "पोचलो?"

"केव्हाच," ओलिव्हा म्हणाली. "आण ते बोचकं. आई, मी तुझ्यासाठी मागची खोली सारवलीय, खाट टाकलीय."

जेनेरोसा गाडीवरून उतरली. बोचकं लेकीच्या हातात द्यायला तिनं पुढे केलं, पण मग तेच तिनं एरिफाझीच्या पुढ्यात टाकीवर ठेवलं.

"खाट राहू दे तशीच," ती म्हणाली. "माझी झोप झाली." मग डोक्यावरचं कापड सारखं करत नवऱ्याला म्हणाली, "आणि तू तिथं बसून काय राहिलायस? मीठ घेऊन ये. उशीर केलास तर आपल्याला वर पोचेपर्यंत काळोख होईल."