पंचेचाळीसच्या आत

"उद्याचा अंदाज चव्वेचाळीस पॉइंट सहा," मधुसूदनने कागद पुढे सरकवला.

"मग नारिंगी इशारा. लाल पंचेचाळीसला," हिमानी मॅडम म्हणाल्या. उष्माघात कक्ष त्यांच्याकडे होता. मधुसूदन तिथला निवृत्तीला टेकलेला कारकून.

तो हलला नाही. सकाळीच वेधशाळेतल्या धम्मदीपचा फोन आला होता. "दादा, रात्रीचा पारा पाहा. तीन रात्री बत्तिसाच्या खाली आला नाही. अंगाले थंड व्हाले वेळच भेटून नाही राहिला. उद्या म्हातारी माणसं पडतीन."

आणि उद्या दुपारी महाल वस्तीत सप्ताहाचं काल्याचं कीर्तन. पत्र्याचा मंडप, हजारभर माणसं. एकोणीस वर्षं मधुसूदन बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहत आला होता. वर्षभराचा शीण तिथेच उतरायचा. लाल इशारा म्हणजे बारा ते चार मंडप बंद.

लाल इशारा द्यावा, असं टिपण त्याने लिहिलं. रात्रीचे तिन्ही आकडे टाकले.

"नियमात रात्र कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या. "उद्या विचारतील, पंचेचाळीस नसताना लाल का केलं?"

"माझं टिपण दाखवा. खाली माझी सही आहे."

मॅडमनी तिन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मग आदेशावर सही केली.

आदेश घेऊन तोच मंडपात गेला. सप्ताहाचे व्यवस्थापक चंद्रभान भडकले. "तुह्या हातानं काला बंद करून राहिला गा?"

"बंद नाही गा. सकाळी सहाले करा."

"सहाले? दही तरी लागन का तवापर्यंत? देव काय घड्याळ पाहून जेवते?"

"देवाले ऊन नाही लागत, चंद्रभानजी. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या अंजनाबाईले लागते."

सकाळी सहाच्या कीर्तनाला निम्मीच माणसं आली. टाळकऱ्यांच्या रांगेत त्याच्यासाठी कुणी सरकलं नाही. तो मागे, चपलांपाशी उभा राहून ऐकत राहिला. गजर सुरू झाला तेव्हा त्याचे ओठ आपोआप हलले.

दुपारी पारा चव्वेचाळीस पॉइंट दोनवरच थांबला. कक्षात तक्रारींचे फोन खणखणत होते. मधुसूदन तासातासाला एकेका रुग्णालयात विचारत होता.

"कुणी दाखल?" मॅडमनी विचारलं.

"अजून कुणी नाही."

"मग आपण वाचवलं, का उगीच घाबरलो?"

त्याने चष्मा पुसला, यादीतल्या पुढच्या रुग्णालयाचा नंबर लावला आणि पलीकडे कुणी उचलेपर्यंत उभाच राहिला.