खाटेच्या चार खुणा

साहेबाची अट एकच होती, फोटोत माणूस दिसता कामा नये. घ्या! चाळीस वर्षं बंगळूरची लग्नं-मुंजी टिपलेल्या हंबीररावांच्या नशिबी शेवटी रिकाम्या भिंती आल्या. अठ्ठावन्न सालची गोष्ट. क्षयाचा जुना दवाखाना नव्या इमारतीत गेला होता, आणि पाडण्याआधी सरकारला त्याचे फोटो हवे होते.

हंबीररावांनी काम घेतलं ते बायकोसाठी, सकवारबाईंसाठी. ती याच दवाखान्यात नऊ महिने होती, इथंच गेली. आणि एवढ्या मोठ्या फोटोग्राफरकडे तिचा एक फोटो नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरचंच माणूस, कधीही काढू, म्हणत राहून गेलं.

सरकारी फोटो आटोपले. स्वतःची म्हणून आणलेली फोटोची एकच काचेची प्लेट उरली. तीन नंबरच्या वॉर्डात खाटा नव्हत्या, पण खिडकीशी तिच्या खाटेच्या चार पायांच्या खुणा फरशीवर होत्या. त्यांनी कॅमेरा तिकडे रोखला. किल्ल्या घेऊन उभी असलेली जुनी आया अंबुबाई दाराशी सरकली.

"जा की मधून," ते म्हणाले. "अशा कमी उजेडाच्या खोलीत चार मिनिटं कॅमेऱ्याचं टोपण उघडं ठेवावं लागतं. येऊन-जाऊन असणारा फोटोत येत नाही. बसून राहील तोच येतो."

"मग अण्णा, तुम्हीच स्वल्प बसा," अंबुबाई म्हणाली. "तेव्हाही सायकलवरून यायचात, उभ्या उभ्या मोसंबी ठेवून जायचात. अक्का खाटेवरून रोज तुमच्यासाठी स्टूल पुसून ठेवायला सांगायची मला."

कोपऱ्यातलं स्टूल हंबीररावांनी खुणांपाशी आणलं, टोपण काढलं, घड्याळात वेळ पाहिली आणि येऊन बसले. निदान एका फोटोत तरी तिच्याजवळ बसलेलं दिसावं, एवढंच मागणं होतं.

अंबुबाईनं किल्ल्या वाजवल्या तेव्हा ऊन खिडकीतून गेलं होतं. टोपण उघडंच होतं. तास उलटला होता.

चिकपेटेतल्या आपल्या स्टुडिओच्या अंधारखोलीत त्यांनी प्लेट धुतली. तासाभराचा उजेड खाऊन काळीठिक्कर निघाली. ना खुणा, ना स्टूल, ना ते. इतक्या वर्षांत त्यांनी प्लेट कधी जाळली नव्हती. दवाखाना दुसऱ्या दिवशी पाडायला घेणार होते.

ते ओली प्लेट हातात धरून पोटभर रडले. तिच्याजवळ बसलं की उठायचं भान राहत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कधी बसलेच नव्हते ना.