दहावं उरकल्यावर

लाहू सारंग एकदा ओट्यावर बसला की त्याला उठवायची नरपडमध्ये कोणाची टाप नव्हती. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. निवृत्त झाला तरी मुकादमी सुटली नव्हती. ब्राझीलची दारू, जपानची थंडी, कुठल्या बंदरात कोणी कोणाचं डोकं फोडलं, सगळं गावाला पाठ होतं. लोक कंटाळत, पण उठत नसत. निम्म्यांची पोरं त्याच्याच शब्दावर जहाजाला लागली होती.

२०१८च्या दिवाळीत मात्र ओट्यावर नवी गोष्ट आली, आणि ती मिथुनची होती.

मिथुन त्याचा एकुलता एक मुलगा, चारच दिवसांपूर्वी घरी आलेला. मालक पळून गेलेल्या एका टँकरवर तो आखातात चौदा महिने अडकून पडला होता. जहाज नांगरलेलं, डिझेल संपलेलं, प्यायला गंजाच्या रंगाचं पाणी. चौथ्या महिन्यात एजंटाची लाँच आली, घरी जायचं असेल त्यांनी चला म्हणून. सात जण उतरले. मिथुनने बापाला फोन लावला. बाप म्हणाला, "उतरायचं नाय. जहाज सोडून पळालेल्याला परत कोण घेत नाय." झालं! मिथुन आणखी दहा महिने तिथे कुजला. त्या दहा महिन्यांतच त्याची आई, जिवली, काविळीने गेली. त्याला ते उशिरा कळलं. त्या दिवसांत तुझा फोनच लागत नव्हता, असं बापाने सांगितलं होतं. त्या जहाजावर रेंजचा भरवसा नव्हताच, म्हणून मिथुनने ते खरं धरलं.

आता तो आत आईच्या फोटोखाली पडून होता आणि बाहेर बापाचा आवाज चढत होता. समोर शेजारची भिकी आणि तिचा मुलगा नविन. नविन सोमवारी पहिल्यांदा जहाजावर जाणार होता, म्हणून आईने त्याला चार गोष्टी ऐकायला आणलं होतं.

"खलाशी कसा असावा, तर माझ्या मिथुनसारखा," लाहू म्हणाला. "सात पळाले, हा हलला नाय. आणि घरच्यांनी पण छाती घट्ट ठेवायला लागते. आमच्या वेळेला घरून वाईट तार आली, की सारंग ती खिशात ठेवायचा. माझा बाप गेला तेव्हा तार चाळीस दिवस सारंगाच्या खिशात होती. बंदर लागल्यावर हातात दिली. मी पण तेच केलं. जिवली गेली, दहावं उरकलं, मगच पोराला फोन केला. आधी कळवलं असतं, तर आला असता ना जहाज सोडून!"

मिथुन बाहेर आला.

"फोन लागत नव्हता ना, बाबा?"

लाहू दचकला, पण सारंगाचा आब सावरून म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी..."

"मी रोज संध्याकाळी जहाजाच्या टपावर चढून फोन करत होतो. मधूनमधून लागायचा. तुम्ही म्हणायचात, आई झोपलीय. किती दिवस झोपली होती?"

लाहूने मान वळवली.

"तिने माझं विचारलं नाय?"

"विचारलं. रोज म्हणायची, फोन लावून दे. मी सांगायचो, रेंज नाय."

मिथुनला वाटलं, ह्या माणसाला धरून ओट्यावरून खाली ओढावं. आई इकडे फोनची वाट बघत होती, तो तिकडे फोन कानाला लावून उभा होता, आणि मध्ये हा पहारेकरी बसला होता.

"अग्नी कोणी दिला?"

"मीच."

"तो माझा होता!" मिथुन ओरडला. पलीकडच्या अंगणातली माणसं वळून बघायला लागली. "तुमचं जहाज भर समुद्रात होतं. माझं नांगराला होतं, किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते. दोन दिवसांत पोचलो असतो. एका मेलेल्या जहाजाची राखण करायला तुम्ही मला आईपासून तोडलंत आणि वर चारचौघांत माझीच बढाई मारताय?"

"मला तरी कोणी सांगितलं होतं?" लाहूचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"मनाला लागलं होतं ना तेव्हा?"

"...लागलं होतं."

"मग?"

लाहू नुसता खांद्यावरचा टॉवेल चाचपत राहिला.

भिकी उठली. तिने नविनच्या हातातला मोबाईल काढून मिथुनपुढे धरला.

"तुझा नंबर घाल ह्याच्यात. मला काय झालं, तर ह्याला तू कळवायचं. त्याच दिवशी."

"अगं भिकी, मी आहे ना," लाहू म्हणाला.

"तुम्ही नको, लाहूदादा."

मिथुनने नंबर घातल्यावर ती मुलाला घेऊन पायऱ्या उतरली. लाहू सारंगाला असं तोंडावर उभ्या जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. तो ओट्यावर एवढासा होऊन बसला, आणि मिथुनला त्याची जराही कीव आली नाही.